रायगडच्या किनाऱ्यावरील कर्करोगाची प्रश्नावली : एक परीक्षण

शासकीय नमुन्यांचे वाङ्मयीन परीक्षण करण्याची आपल्याकडे प्रथा नाही, आणि बहुतेक नमुन्यांच्या बाबतीत ती नसण्याने काही बिघडतही नाही. परंतु काही नमुने असे असतात की, त्यांतील एखाद्या शब्दाच्या निवडीवर माणसाचे पुढील आयुष्य अवलंबून राहते. गावोगावच्या आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांपुढे जी प्रश्नावली वाचतात आणि जिची उत्तरे अखेर मोबाइलच्या वा टॅबलेटच्या पडद्यावर जाऊन बसतात, ती या जातीची होय. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘सीबॅक’ म्हणतात. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या सार्वत्रिक तपासणीची चौकट २०१६ मध्ये आखली गेली. २०१८ पासून उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनी केंद्रांचे रूप येऊ लागले आणि त्याबरोबर ही सूची संगणकीय झाली. पुढे २०२३ च्या अखेरीस त्या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. नावे बदलली, गाभ्याचे प्रश्न तेच राहिले.

ही प्रश्नावली रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतच्या मुलखात, म्हणजे १९८१ पर्यंत कुलाबा म्हणविणाऱ्या जिल्ह्याच्या समुद्राकडील पट्ट्यात, मोठ्याने वाचली असता तिचे काय होते, एवढाच येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे. यंत्र चांगले की वाईट हा वाद शिळा झाला आहे आणि त्यात फारसे तथ्यही नाही. यंत्र जे विचारावयास सांगितले तेच विचारते आणि जे लिहून घ्यावयास सांगितले तेच लिहून घेते. म्हणून परीक्षण करावयाचे ते यंत्राचे नव्हे, त्याच्या तोंडी घातलेल्या संहितेचे.

प्रथम या कार्यामागील वैद्यकीय आधार पाहणे अवश्य आहे. कारण तो भक्कम नसता तर प्रश्नावलीच्या शब्दांची चिकित्सा करण्यात अर्थ नव्हता. वर उल्लेखिलेल्या तिन्ही कर्करोगांचे वैशिष्ट्य असे की, ते डोळ्यांना आणि हातांना सापडू शकतात. त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज प्रारंभी लागत नाही. याबाबतचे जगातील काही महत्त्वाचे पुरावे महाराष्ट्राच्याच भूमीत निर्माण झाले आहेत. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूच्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे त्यात दिसले. नुसत्या दृश्यतपासणीने मात्र तेथे लक्षणीय घट आढळली नाही. उलट मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी प्रशिक्षित सेविकांकरवी हीच दृश्यतपासणी, म्हणजे ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाचे निरीक्षण, ठराविक काळाने पुनःपुन्हा केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तो अहवाल २०१४ चा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील मुखतपासणीच्या प्रयोगाने २००५ मध्ये असे दाखविले की, तंबाखू वा मद्य यांचे व्यसन असणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू एकतृतीयांशाने कमी होतात. या शेवटच्या निष्कर्षातील अट विसरू नये. लाभ मुख्यतः तंबाखू घेणाऱ्यांना होतो. म्हणजे तंबाखू कोण घेते हे कळणे ही तपासणीच्या यशाची पहिली पायरी ठरते.

ज्ञान असे हाताशी असता आचरण किती झाले? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के, स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के आणि मुखाची तपासणी झालेल्याही ०.९ टक्केच असल्याचे नोंदविले. हे आकडे लाज वाटावी असे आहेत. डिजिटल साधनांचा पुरस्कार करणारे म्हणतात की, ही दरी भरून काढण्याकरिताच पडद्यावरची प्रश्नावली आली. हा दावा गंभीरपणे घेतला पाहिजे आणि गंभीरपणे तपासलाही पाहिजे.

प्रश्नावलीच्या पहिल्या भागात सहा प्रश्न असून त्यांच्या उत्तरांना गुण आहेत. दुसरा प्रश्न तंबाखूचा. राष्ट्रीय नमुन्यात तो असा आशय व्यक्त करतो : आपण धूम्रपान करता काय, किंवा गुटखा, खैनी यांसारख्या धूररहित पदार्थांचे सेवन करता काय? उत्तरे तीन : कधीच नाही, पूर्वी करीत असे अथवा क्वचित करतो, रोज. प्रश्न निर्दोष वाटतो. तो रायगडच्या किनाऱ्यावर नेला की त्यातील प्रत्येक शब्द डळमळू लागतो.

या किनाऱ्यावरील कोळी, आगरी, कुणबी व कातकरी स्त्रियांत तंबाखूचे जे रूप पिढ्यान्‌पिढ्या रुजले आहे ते गुटखाही नव्हे आणि खैनीही नव्हे, ते मशेरीचे. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजावयाची, तिची पूड करावयाची, ती बोटाने दातांवर व हिरड्यांवर चोळावयाची आणि बराच वेळ तोंडात राहू द्यावयाची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, पुष्कळदा रात्रीही. ही सवय ज्या क्रियापदाने बोलून दाखविली जाते ते लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीत तंबाखू ‘खातात’, विडी ‘ओढतात’, पण मशेरी ‘लावतात’. लावणे हे क्रियापद तेल, कुंकू, औषध यांच्या पंक्तीतले आहे; सेवनाच्या पंक्तीतले नव्हे. ‘सेवन’ हा शब्द तर सरकारी मराठीचा. घरात तो औषधाच्या बाटलीवर छापलेला भेटतो तेवढाच. तेव्हा ‘आपण तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता काय?’ या प्रश्नाला दिवसातून तीनदा मशेरी लावणारी स्त्री ‘नाही’ असे उत्तर देईल, आणि ती खोटे बोलत नसेल. तिने दात घासले आहेत. तिच्या भाषेने तिला दिलेल्या अर्थानुसार उत्तर बरोबरच आहे. चूक आहे ती प्रश्नाची.

गुटख्याच्या उल्लेखाची गोष्ट आणखी विचित्र. महाराष्ट्रात गुटख्याच्या विक्रीवर जुलै २०१२ पासून बंदी आहे. सरकारी ओळखपत्र गळ्यात असलेली स्वयंसेविका दारात उभी राहून बंदी असलेल्या वस्तूचे नाव घेते, तेव्हा समोरच्या पुरुषाने ते आपल्या तोंडात असल्याची कबुली द्यावी अशी अपेक्षा करणे म्हणजे मानवी स्वभावाचे अज्ञान होय. आणि ‘खैनी’ हा शब्द उत्तर हिंदुस्थानचा. येथे माणूस तळहातावर तंबाखू-चुना मळतो, बार भरतो. त्याला खैनी म्हणतात हे त्याला प्रवासात वा कारखान्याच्या दारात कळलेले असावे.

यावर कोणी म्हणेल की, स्थानिक वैद्यकीय ज्ञानाचा अभाव हे याचे कारण असेल. तसे मुळीच नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे प्राध्यापक पिंडबोर्ग व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी करून तिचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या कोष्टकांत मशेरी आपल्या नावाने वावरते. अर्धशतकाहून अधिक काळ जो शब्द शास्त्रीय वाङ्मयात नोंदलेला आहे तो राष्ट्रीय प्रश्नावलीच्या उदाहरणांत येऊ नये, हे अज्ञानाचे नव्हे तर मध्यवर्तीकरणाचे फळ आहे. एका देशासाठी एकच संहिता लिहावयाची म्हटले की, लेखक ज्या प्रदेशाची भाषा बोलतो त्या प्रदेशाची व्यसने उदाहरणे म्हणून येतात. बाकीच्यांची ‘इत्यादी’त जमा होतात.

येथे कागद व पडदा यांतील एक भेद नोंदविला पाहिजे. कागदाला समास असतो. जाणती स्वयंसेविका प्रश्नाच्या बाजूला ‘मशेरी, दिवसातून तीनदा’ असे लिहू शकते, आणि वरचा अधिकारी वाचो न वाचो, ते वाक्य तेथे राहते. पडद्यावर तीन वर्तुळे असतात व त्यांतील एक दाबावे लागते. समास नाहीसा झाला की प्रश्नकर्त्याच्या चुकीची साक्षही नाहीशी होते. आता स्वयंसेविका त्याच गावची असल्याने ती आपल्या अकलेने ‘मशेरी लावता का?’ असे विचारील आणि ‘रोज’ हे वर्तुळ दाबील, असा युक्तिवाद करता येईल. पुष्कळ जणी तसे करीतही असतील, आणि त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण मग दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. पहिली ही की, येथे काम झाले ते संहितेमुळे नव्हे, संहितेला बाजूस सारल्यामुळे. दुसरी अशी की, एका गावात प्रश्न बदलून विचारला गेला व शेजारच्या गावात जसाच्या तसा, तर त्या दोन गावांच्या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ. आणि तुलना करता यावी हेच तर संगणकीय नोंदीचे मुख्य समर्थन होते.

गुणांच्या हिशेबाकडे वळले म्हणजे दोष अधिक खोल असल्याचे दिसते. वयाला शून्य ते चार गुण, तंबाखूला जास्तीत जास्त दोन, रोजच्या मद्याला एक, कमरेच्या घेराला दोनपर्यंत, आठवड्यात दीडशे मिनिटांहून कमी व्यायाम असल्यास एक, आणि आईवडील वा भावंडे यांपैकी कोणाला उच्च रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असल्यास दोन. बेरीज चाराच्या वर गेली तर त्या व्यक्तीला तपासणीच्या दिवशी प्राधान्याने आणावयाचे. आता एक चौतीस वर्षांची मासळी विकणारी स्त्री कल्पावी. वयाचा एक गुण. पाटी डोक्यावर घेऊन ती रोज मैलोगणती चालते, तेव्हा व्यायामाचा दोष नाही. अंगकाठी बारीक, तेव्हा कमरेचा नाही. मशेरीचा ‘नाही’ गणला गेला तर एकूण एक; ‘रोज’ गणला गेला तरी तीन. दोन्ही हिशेबांत ती चाराच्या आतच राहते. तिच्या शेजारी एक साठीतला निवृत्त कारकून कल्पावा. त्याने जन्मात तंबाखूला स्पर्श केलेला नाही; पण वयाचे चार, बैठ्या जीवनाचा एक आणि पोटाचा एक मिळून त्याची बेरीज सहा होते. प्राधान्य त्याला. त्याचा रक्तदाब मोजला जाणे उचितच आहे. परंतु दोघांपैकी कोणाचे तोंड आधी उघडून पाहिले पाहिजे, याबद्दल कोणा दंतवैद्याला शंका येणार नाही.

कारण उघड आहे. या सहा प्रश्नांची रचना मधुमेह व हृदयविकार यांच्या धोक्याभोवती झाली आहे. कर्करोग तिच्यात पाहुणा म्हणून बसविलेला आहे. कुटुंबातील रोगांच्या प्रश्नात रक्तदाब येतो, मधुमेह येतो; आईला किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता काय, याला गुण नाही. समर्थक सांगतात की, बेरीज केवळ क्रम ठरविण्यासाठी आहे, तीस वर्षांवरील सर्वांचीच तपासणी व्हावयाची आहे. नियमावलीत तसे आहे हे खरे. परंतु जेथे सेविका एक, तपासणीचा दिवस मर्यादित आणि गावे खाडीच्या दोन्ही तीरांवर विखुरलेली, तेथे क्रमात मागे राहणे आणि यादीबाहेर राहणे यांत फारसे अंतर उरत नाही.

दुसरा भाग लक्षणांचा. यातील काही प्रश्न उत्तम आहेत आणि त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. ‘तोंड उघडण्यास अडचण होते काय?’ हा प्रश्न कोणत्याही बोलीत सहज उतरतो व सुपारी-तंबाखूने आवळलेल्या गालांपर्यंत नेमका पोचतो. दोन आठवड्यांत बरा न झालेला तोंडातील व्रण वा चट्टा, आवाजात झालेला बदल, स्तनातील गाठ, हेही तसेच. पण स्त्रियांकडे वळताच अडचण सुरू होते. दोन पाळ्यांच्या मध्ये होणारा रक्तस्राव, पाळी बंद झाल्यावर होणारा रक्तस्राव, शरीरसंबंधानंतरचा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव असे ते प्रश्न. छापील मराठीत ते शास्त्रशुद्ध आहेत. घरात मात्र ‘अंगावरून पांढरे जाणे’ आणि ‘अंगावर जाणे’ असे बोलतात, आणि तेही कुजबुजत. सासू ओटीवर बसलेली, दीर जाळे विणीत असलेला, अशा वेळी शरीरसंबंधानंतरच्या रक्तस्रावाचा प्रश्न पडद्यावरून वाचून दाखवावयाचा म्हणजे उत्तर आधीच ठरलेले आहे. यंत्र त्या उत्तराची वेळ, दिनांक व घराचा क्रमांक बिनचूक नोंदवील.

शिवाय येथे एक तात्त्विक घोटाळा आहे. रक्तस्राव हे प्रतिबंधाचे लक्षण नव्हे. तो दिसू लागेपर्यंत पुष्कळदा रोग स्थिरावलेला असतो. चाळणी तपासणीचा अर्थच असा की, जिला काहीही होत नाही अशा स्त्रीला तपासावयाचे. लक्षणांची यादी वाचून ‘काही नाही’ असे उत्तर मिळाल्यावर स्त्रीच्या मनात, आणि कदाचित नोंद घेणारीच्याही मनात, आता तपासणीचे कारण उरले नाही असा समज होणे स्वाभाविक आहे. एकाच नमुन्यात लवकर निदानाचे प्रश्न व प्रतिबंधाचे निमंत्रण एकत्र बांधल्याचा हा परिणाम होय.

याच्या जोडीला मोबदल्याचा विचार केल्याशिवाय परीक्षण पूर्ण होत नाही. राष्ट्रीय नियमांत आशा स्वयंसेविकेला अशा प्रत्येक भरलेल्या नमुन्यामागे १० रुपये, आणि निदान झालेल्या रुग्णाला उपचारात टिकवून ठेवल्याबद्दल सहा महिन्यांस ५० रुपये ठरविले गेले. यांपैकी दुसरी तरतूद पहिलीपेक्षा किती तरी अधिक शहाणपणाची आहे. पण दहा रुपयांचे काम एका बैठकीत पुरे होते. पन्नास रुपयांच्या कामासाठी आधी निदान व्हावे लागते, आणि निदान दुसऱ्या कोणाच्या हाती असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये व पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील आशा स्वयंसेविकांनी संप केला, तेव्हा मोबदल्याच्या जोडीने ऑनलाइन नोंदींच्या बोजाचीही तक्रार होती. ती तक्रार यंत्रविरोधी आहे असे मानणे चुकीचे ठरेल. नमुना भरणे हे काम आहे, हे सांगण्याचाच तो एक प्रकार होता.

तुलनेसाठी बार्शीकडे पाहावे. तेथे १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जात, लोकांशी बोलत, कर्करोगाची लक्षणे समजावीत, संशयित व्यक्तीला बार्शीच्या रुग्णालयात आणीत. नोंद करणे हा त्यांचा मूळ हेतू. पण नोंदीसाठी होणाऱ्या या संभाषणाचाच असा परिणाम झाला की, काही वर्षांत त्या गावांतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा अलीकडच्या अवस्थेत, म्हणजे बरे होण्याजोग्या स्थितीत, रुग्णालयात येऊ लागले. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये हे प्रसिद्ध केले. यात कोणतेही नवे यंत्र नव्हते. तोच माणूस परत येत होता, आणि ज्या रुग्णालयाचे नाव तो सांगे ते पोचण्याजोगे व ओळखीचे होते. यातील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि रायगडचा किनारा नेमका तेथे उणा पडतो.

हे उणेपण विपर्यस्त आहे. टाटा स्मारक केंद्राची प्रगत संशोधन संस्था खारघर येथे, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. नकाशावर पाहिले तर या जिल्ह्याइतका भाग्यवान जिल्हा देशात विरळा. परंतु श्रीवर्धनहून खारघर सुमारे दीडशे किलोमीटर, आणि मधली वाट खाड्यांना वळसे घालीत जाते. दिघी ते आगरदांडा ही राजपुरीची खाडी नौकेने ओलांडावी लागते. न ओलांडली तर रस्त्याने मोठा फेरा. अलिबागकडच्या माणसाला मांडव्याहून वा रेवसहून जलमार्गाने मुंबई जवळ. दक्षिणेकडच्याला तीही सोय नाही. ‘टाटाला नेले’ या दोन शब्दांचा अर्थ किनाऱ्यावर आजही केवळ प्रवासाचा नाही. त्यात बुडालेला रोजगार येतो, नातलगाकडचा मुक्काम येतो आणि आता हा माणूस परत येतो की नाही ही भीतीही येते.

पडद्यावरील नोंद मात्र ‘पाठविले’ या शब्दापाशी समाधानी होते. संदर्भसेवेच्या या क्रियापदाची परीक्षा जगात यापूर्वी झालेली आहे. श्रीलंकेत प्राथमिक आरोग्यसेवकांनी तोंडाची तपासणी करावी असा प्रयोग झाला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार सेवकांना चट्टे ओळखता आले, पण पुढे पाठविलेल्यांपैकी निम्म्याहून थोडेच अधिक लोक प्रत्यक्ष केंद्रावर पोचले. कर्करोगाशी नव्हे पण साधनाशी थेट संबंध असलेला दुसरा दाखला आंध्र प्रदेशातला. तेथे १८ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात आशा स्वयंसेविकांच्या हाती हृदयविकाराचा धोका मोजणारे टॅबलेट देण्यात आले. २०१९ मध्ये निष्कर्ष आला तो असा की, रक्तदाब आटोक्यात असलेल्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. मोजणे सुधारले, मोजल्यानंतरचे जग जसे होते तसेच राहिले. या दोन दाखल्यांमध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे, आणि मधल्या काळात कागदाचा पडदा झाला, एवढाच त्यांच्यातील मोठा फरक.

गर्भाशयमुखाच्या तपासणीला बंद खोली, प्रकाश, आम्लाचा ताजा द्राव आणि शिकलेली परिचारिका लागते. यांपैकी एकही वस्तू दूरवरून पाठविता येत नाही. म्हणून या कर्करोगापुरते डिजिटल साधनाचे काम यादी राखणे व बोलावणे पाठविणे यापलीकडे सध्या जात नाही. ई-संजीवनीसारख्या दूरसल्ल्याच्या सोयीने बोलता येते, पाहता येते, चाचपता येत नाही. स्तनाच्या गाठीबाबत तिचा उपयोग त्यामुळे बेताचाच. मुखाची गोष्ट मात्र वेगळी आहे. गालाच्या आतील पांढरा किंवा लाल चट्टा छायाचित्रात पकडता येतो आणि शंभर मैलांवरचा तज्ज्ञ त्यावर मत देऊ शकतो. बेंगळुरूच्या डॉ. प्रवीण बिरूर व सहकाऱ्यांनी मोबाइलच्या आधारे असे काम करून ते २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. रायगडच्या किनाऱ्याला ज्या साधनाची सर्वांत अधिक गरज आहे ते हेच असावे. कारण ते प्रश्न विचारीत नाही, तोंड उघडावयास लावते. मशेरीचे नाव कोणी घेतले वा न घेतले, हिरडीवरचा डाग दिसतोच. प्रश्नावलीला एवढे प्राधान्य आणि छायाचित्राला एवढे गौण स्थान का मिळाले, याचे उत्तर बहुधा असे की, उत्तरांची बेरीज राजधानीत लगेच दिसते. छायाचित्र मात्र कोणीतरी बसून पाहावे लागते.

हवामानाचाही येथे हिशेब आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत वीज व मोबाइलची सेवा कोलमडली आणि कित्येक गावांत ती पूर्ववत होण्यास बरेच दिवस लागले. अशा प्रदेशात कागदी वही मोडीत काढणे धाडसाचे आहे. मागास राहण्याचा आरोप पत्करूनही ती ठेवावी.

सर्वांत कठीण प्रश्न कातकऱ्यांचा. प्रश्नावली ‘घर’ हे एकक धरून चालते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर वा कोळसा पाडावयास गेलेले कुटुंब पावसाच्या तोंडावर परतते. अर्धे वर्ष त्याचे घर कुलपाविना बंद असते. आशा स्वयंसेविका दोनदा येऊन जाते आणि ‘घरी नाही’ अशी नोंद करते. वस्तुतः संगणकीय नोंदीचा कागदाहून खरा लाभ कोठे असेल तर येथेच आहे. २०२१ पासून देशभर दिल्या जाणाऱ्या ‘आभा’ क्रमांकामागील कल्पनाच अशी की, नोंद माणसाबरोबर फिरावी. भट्टी ज्या तालुक्यात आहे तेथील सेविकेनेही ती पाहावी व पुढे चालवावी. परंतु तो क्रमांक काढताना व उघडताना सामान्यतः मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक सांगावा लागतो. उपर्युक्त कुटुंब पाहणीत ग्रामीण भारतातील स्वतःचा म्हणून मोबाइल वापरणाऱ्या स्त्रिया ४६.६ टक्के आढळल्या होत्या. कातकरी स्त्रियांत हे प्रमाण अधिक असण्याचे काही कारण दिसत नाही. कोळीवाड्यातही स्थिती फार निराळी नसावी. नोंदीला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा असतो, आणि नवरा होडीवर, किनाऱ्यापासून इतका दूर की, होडी बंदराला लागेपर्यंत त्याला तो अंक कळत नाही. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, माणसे घरी असतात, कातकरीही परतलेले असतात. तपासणीचे दिवस त्या दोन महिन्यांत ठेवावयाचे तर पावसाने बंद झालेल्या वाटा आणि कोसळलेली वीज आडवी येते. तरीही, निदान मुखतपासणीपुरते, तेच दिवस निवडून पाहण्याजोगे आहेत.